आपल्या घरात कोणी पडत नाही

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच मानून घे. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, आणि दोन माणसं मला कशी उठवतात हा विषय पुढे येणारच आहे.) तुझं मनगट कसं आहे? प्लॅस्टरच्या आत खाज सुटली तरी विणायची सुई घालू नकोस, मागच्या वेळी ती आतच राहिली होती. माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवरच सगळं सांगितलं असतं, पण तुझे चिरंजीव फोन स्पीकरवर टाकतात आणि मागून सूनबाई 'मामा, हळू बोला, बीपी वाढेल' म्हणतात. माझं बीपी त्या वाक्यानेच वाढतं, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

तर तुझ्या आज्ञेप्रमाणे तो वृद्धनिवास बघून आलो. चिरंजीवांसमोर तू किती शहाण्यासारखं म्हणालीस, की भाऊ बघून येऊ दे, तो म्हणेल तसं करू. ते दोघं उठून गेल्यावर मला हळूच जे म्हणालीस तेही लक्षात आहे, की काहीतरी खोट काढ आणि मला माझ्या घरात राहू दे. अक्का, ज्याचा उभा जन्म लोकांच्या लिफ्ट तपासण्यात गेला, त्याला खोट काढ म्हणून सांगावं लागतं का? टेप, टॉर्च, पाण्याचा थर्मामीटर आणि इस्त्रीचा शर्ट अशा तयारीने निघालो. आगाऊ कळवलं नाही. कळवून गेलं की सगळीकडे फिनेलचा वास आणि फुलदाण्या असतात हे मला कोणी शिकवायला नको.

पहिला अपमान दारातच झाला. आत पाऊल टाकतोय तोच एका मुलीने मला खुर्ची आणून दिली. मी मागितली होती का? मग व्यवस्थापक बाई आल्या. कोणासाठी बघताय विचारलं. बहिणीसाठी म्हटलं. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं आणि 'हो का' म्हणाल्या. एवढंच. पण त्या 'हो का'मध्ये जे काही होतं ते मला अजून पचलेलं नाही.

आता एकेक खोट ऐक. त्यांच्या लिफ्टचं दार वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडं राहतं. वीज फुकट, वेळ फुकट. मी तिथल्या तिथे बाईंना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, आधी आत तर या, मग बोलू. मी आत पोहोचलो आणि त्याच क्षणी दार मिटायला लागलं. तो मुद्दा मी पुढे ताणला नाही. नंतर नळ. गरम पाण्याचा नळ उघडला तर पाणी कोमट! का, तर म्हणे म्हातारपणी कातडी पातळ होते, चटका बसलेला उशिरा कळतो. (असेल तुमची पातळ.) स्वयंपाकघरात अचानक घुसलो, तर आचारी मला बघून दचकला नाही, उलट चव बघता का म्हणाला. औषधांच्या कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सिस्टरच्या कमरेला होती. ओढून बघितलं. (कुलूप. सिस्टरला नाही.) दिवाणखान्यात मात्र टीव्ही असा कोकलत होता की बोलायची सोय नाही. समोर तिघं बसलेले, त्यांतले दोघं झोपलेले आणि तिसऱ्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून. म्हटलं चला, सुरुवात बरी झाली.

मग मी बाईंना सांगितलं की रिकामी खोली मला एकट्याला बघायची आहे. खोलीत पलंग दोन, खिडकी मोठी, खिडकीबाहेर बाग. त्यात काही मिळेना म्हणून न्हाणीघरात गेलो. तुझं मनगट न्हाणीघरातच मोडलं, तेव्हा तिथे मी हयगय करणार नव्हतो. धरायच्या दांड्याची उंची मोजायची, फरशीचा उतार बघायचा, जाळीत टॉर्च मारायचा, आणि ही कामं उभ्याने होत नाहीत. म्हणून मी खाली बसलो. लक्षात घे अक्का, बसलो. माझ्या मर्जीने.

मोजमाप झालं आणि उठायला गेलो तर गुडघ्यांनी साफ हात वर केले. दांडा तोवर माझ्या डोक्याच्या बराच वर गेला होता. ठीक आहे, म्हटलं, आयतीच परीक्षा होईल, भिंतीवर मदतीच्या घंटीची लाल दोरी असते ती ओढू आणि किती वेळात येतात बघू. वर बघतो तर काय! दोरीची सुबक गाठ मारून ती पार खांद्याच्या उंचीवर टांगून ठेवलेली. का, तर फरशी पुसताना मध्ये येते! म्हणजे उभा आहे त्याने ओढावी. अगं, जो उभा आहे त्याला ती कशाला हवी? मी हाका मारल्या. टीव्हीपुढे माझ्या हाका म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. शेवटी टेपच्या डबीने पाइप बडवायला लागलो. शेजारच्या खोलीतल्या एका निवृत्त शिंप्याने भिंतीतून तो आवाज ऐकला आणि स्वतःच्या उशाची घंटी दाबली. त्यानंतर मात्र इतक्या चटकन दोघं हजर झाले, की चेहरा नीट करायलाही सवड मिळाली नाही.

मी त्यांना स्वच्छ सांगितलं, तपासणी चालू आहे. सिस्टर हो काका म्हणाली आणि तरीही माझी मान, कंबर, पाय चाचपून बघितले. मग एक खुर्ची माझ्या पुढ्यात, एक मागे, एक गुडघा टेका, आता दुसरा, सावकाश. काखेत हात घालून ओढलं नाही, ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. हसले असते तर मला निदान भांडता तरी आलं असतं!

नंतर सिस्टरने चहा दिला आणि चहात बिस्किट बुडवल्यासारखं सहज विचारलं, की काका, अलीकडे कधी पडलात का? आता बघ, ही बाई आपल्या घरातली नाही, तिला काय माहीत? मी सांगितलं, आमच्या घराण्यात कोणी पडत नाही. आमचे वडील जिन्यावरून आले तेव्हाही जरा टेकलो एवढंच म्हणाले होते. आई ओट्याखाली सापडली, ती सुपारी शोधत होती. बहिणीचं मनगट मोडलं, तेव्हा ती न्हाणीघरात फरशी गार आहे का ते बघत होती. सिस्टर म्हणाली, मनगटाने? तोंड वर करून विचारतात, आणि आपण यांच्याकडे माणसं सोपवायची.

दोरीवरून मात्र मी बाईंना सोडलं नाही. अक्षरशः खरडपट्टी काढली. वाटलं, आता त्या म्हणतील की सफाईवाल्यांना सांगितलं होतं, की आजच राहिलं, की तुम्हाला कोणी बसायला सांगितलं? लिफ्टवाले अशीच कारणं द्यायचे, आणि मला कारणांशी झगडायची सवय आहे. या बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, आम्ही आजवर सगळं उभ्यानेच तपासलं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, चूक आमची. लगेच टीव्हीचा आवाज कमी झाला. आणि मला घेऊन त्या एकेका खोलीत गेल्या, स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतः फरशीवर बसून दोरी हाताला लागते का बघितलं. चांगल्या साडीत. मी टॉर्च धरून उभा. आता अशा बाईशी माणसाने भांडायचं तरी कसं, तूच सांग.

निकाल मागशील, तर जागा बेकार आहे. लिफ्ट रेंगाळते, पाणी कोमट आहे, न मागता खुर्च्या देतात. चिरंजीवांना एवढं वाचून दाखव आणि मी ठाम नकार दिला आहे म्हणून सांग. मनगट जप.

तुझा,
भाऊ

ता. क. हे पान वाचून दाखवू नकोस. निघताना मी बाईंना ती दोन पलंगांची खोली आठवडाभर कोणाला देऊ नका म्हणून सांगून आलो आहे. कशासाठी ते विचारू नकोस, आधी पुढचं वाच. (भाऊबहीण एका खोलीत चालतात. मी विचारलं. सहज.)

पुन्हा ता. क. तू चिरंजीवांना असं सांग, की मी जाईन, पण भाऊ बरोबर आला तरच, मला एकटीला तिथे भीती वाटते. मग ते माझ्या लेकीला फोन करतील, ती मला गळ घालेल, मी दोनचार दिवस चिडेन आणि केवळ तुझ्यासाठी म्हणून हो म्हणेन. तुला कशाचीच भीती वाटत नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी मी अंधाराला घाबरायचो तेव्हा 'मलाच भीती वाटते, तू बरोबर चल' असं तूच म्हणायचीस. तसंच म्हण.

शेवटचं. तो निवास बघायला जाण्याआधी, सोमवारी सकाळी मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो होतो. बसलो नाही, टेकलो नाही, काही शोधतही नव्हतो. पडलो, अक्का. माझ्या घरात दोरी नाही, गाठीचीसुद्धा नाही. हाताला पातेल्याचं झाकण लागलं, ते फरशीवर आपटत राहिलो. दूधवाल्याने ऐकलं म्हणून हे पत्र लिहितोय. खिडकीकडचा पलंग तुझा. मला दोरीजवळचा दे.