आधी पाव्हणे

पुणे, मोठ्या दवाखान्यातलं भिंतीकडचं बाकडं

आदरणीय आप्पासाहेब पाव्हणे यांस,

कर्जतहून इथं येऊन अडकलेल्या तुमच्या दाजींचा रामराम. तिकडं तुम्ही, गोजरवहिनी आणि म्हैस (व्याली का हो?) खुशाल असाल. आमची खुशाली इथं डॉक्टरांच्या टेबलावर पडलीय, ते बोलावतील तेव्हा कळेल. फोनच केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं आणि इथं मोठ्यानं बोललं की वॉचमन खवळतो. म्हणून तिसगावला निघालेल्या गोरक्षनाथांजवळ ही चिठ्ठी देतोय. ते आत्ता गोळ्यांच्या खिडकीवर उभे आहेत.

तुमच्या बहिणीच्या, राहीच्या, मानेतल्या गाठीत सुई घालून तपासायला घेतलं होतं, त्याचा रिपोर्ट आज आलाय. तो काय म्हणतो, एवढंच विचारायचंय. एवढ्यासाठी दिवस उगवायच्या आत केसपेपर काढला, नंबर घेतला, बाकड्यावर टेकलो, ते ऊन कललं तरी बाकड्यावरच. शहरातल्या दवाखान्याला माणसाच्या वेळेची काडीची किंमत नाही, आप्पासाहेब. या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात, आणि त्या खिडकीवरचा जेवायला गेलेला असतो (किती जेवतो, हा वेगळा विषय). राहीनं भाकरी पुढं केली, पण मला घास उतरेना. ती मात्र ठेच्याबरोबर पोटभर खाऊन निवांत बसलीय. तुमच्यात पेशंट कोण, असं वॉचमननं मलाच विचारलं.

त्यात हे पाव्हणे. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. माणसाशेजारी मुकं बसणं बरं दिसत नाही, म्हणून गाव विचारलं. कोपरगाव निघालं. विचारत विचारत गेलो, तर माझ्या चुलत मावशीच्या नणंदेची ती विहीण निघाली. आता तुम्हीच सांगा, पाव्हण्याच्या आधी आपण ताटावर बसतो का? म्हटलं, आजी, तुमी व्हा पुढं. त्यांच्यामागं एक जोडपं होतं. त्यांच्याशी सोयरीक जुळली नाही, पण त्यांच्या गावाला मी एकदा बैल बघायला गेल्तो (घेतला नाही, मारका होता). तेही पुढं. गोरक्षनाथ तर राहीच्या माहेरचे. त्यांना मागं ठेवलं असतं तर तुम्हीच मला जन्मभर टोचून बोलला असता. सगळे आत जाऊन आले, आम्ही आहोत तिथंच. राही म्हणाली, "आपल्या लग्नात बी एवढं पाव्हणं न्हवतं हो तुमच्याकडचं." तिला थट्टा सुचते कशी, याचंच मला नवल वाटतं.

बाकी ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, दवाखान्याला काय ते तुम्हीच सुचवा.

आपला,
कारभारी

ता. क. कोपरगावच्या आजी आमच्या कोणी लागत नाहीत. मला चुलत मावशीच नाही, तिला नणंद कुठली? दवाखान्याला उगाच बोल लावला. त्यांनी आमचा नंबर दर वेळी वेळेवर पुकारला. राही फाईल घेऊन उठायची आणि मी तिचा हात धरून खाली बसवायचो. मला लई भ्या वाटतंय, आप्पासाहेब. रिपोर्ट वाईट निघाला तर मी हिला घेऊन घरी कोणत्या तोंडानं जाऊ?

आणखी एक ता. क. चिठ्ठी मिळाली की तुम्ही पहिल्या एसटीनं या. तुम्ही खरे पाव्हणे, तुम्हाला पुढं करायला मी मोकळा. आत जाऊन डॉक्टरांचं ऐका आणि बाहेर येऊन मला हळूच सांगा. (तुम्हाला कमी ऐकू येतं, ठाऊक आहे. तरी या.)

शेवटचं. मागून वाकून राहीनं सगळं वाचलं. म्हणाली, "आप्पाला कशाला तरास? उठा. न्हाईतर मी एकटी जाते." पुन्हा नंबर पुकारलाय. ती फाईल घेऊन उभी आहे, गोरक्षनाथ चिठ्ठीसाठी हात पुढं करून उभे आहेत. माझ्या शेजारी एक नवीन माणूस येऊन बसलाय. त्याला गाव विचारलेलं नाही.