नंदा नावाचा पाणलावा

याडी,

काकाचा शाम आज बाचा मोबाइल वापरायला न्यायला येईल; बा गेल्यापासून तो नुसता पडून आहे. तो घेऊन मी बोरीच्या तळ्यावर गेले आहे. न विचारता नेला, रागावू नकोस. त्यातले पक्ष्यांचे फोटो उतरवून घेतल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नाही. डाळ केली आहे, भाकरी फडक्यात आहेत. माझ्यासाठी थांबू नकोस, जेवून घे.

मी खरं नाव कळवेपर्यंत बा अनोळखी पक्ष्याला घरातल्या कुणाचं तरी नाव द्यायचा. त्याने याच तळ्यावरून पाठवलेल्या शेवटच्या फोटोत चिखलात तीन पिल्लं घेऊन उभा असलेला तपकिरी पक्षी आहे. खाली लिहिलंय, "ममे, हे कोन होय? पिल्लायले लय जपून राह्यली. तोवर मी हिले तुह्या मायच्या नावानं नंदाच म्हनतो." मी 'नंतर पाहते' म्हटलं आणि ते राहूनच गेलं.

काल पुस्तकात सापडला. रंगीत पाणलावा आहे, आणि नर आहे. त्यांच्यात पिल्लं नरच वाढवतो.

तुझी नोकरी राजूरला होती तेव्हा माझ्या वेण्या कोण घालायचं, आठवतं ना? बाने स्वतःला ओळखलं नाही आणि तुझं नाव देऊन टाकलं.

दुपारी येते.

ममता