सुटे सूर

सोमवार, ३ फेब्रुवारी

निर्मातीबाईंनी बोलावलं आणि उभ्या उभ्या निकाल लावला. दादाचा चेलो सुटा सुटा रेकॉर्ड करून घ्यायचा. एकेक सूर — हळू, मध्यम, जोरात. सगळे कॉम्प्युटरमध्ये भरले की मी बसल्या जागी कीबोर्डच्या कळा दाबून मालिकेला हवं ते संगीत तयार करणार. मग दादाने यायची गरज नाही. कधीच!

व्हायोलिनवाले गेले तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. मग बासरी गेली. चौदा जणांचा आमचा वाद्यवृंद, त्यातला एकटा दादा उरलाय. तोही कशामुळे, तर मालिकेतली आई पडद्यावर आली की चेलो वाजतो, आणि तसा आवाज विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. आठ वर्षं झाली. लोक म्हणे स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येतात — आई आली!

"भावाला तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या. "म्हणजे, सगळंच सांगायला हवं असं नाही."

मी मान डोलावली. माझं कंत्राट आणखी दोन वर्षं पक्कं. शाबास रे पठ्ठ्या!

बुधवार, ५ फेब्रुवारी

ऑफिसने संमतीचा कागद काल परस्पर दादाच्या घरी पाठवला. बारीक अक्षरांची चार पानं. दादा नोटेशन सोडून काही वाचत नाही, विजेचं बिलसुद्धा वहिनी उघडतात. म्हणजे तोंडाने सांगणं भाग होतं. संध्याकाळी सांगायचंच म्हणून गेलो.

दादा खिडकीशी बसून तार बदलत होता. वहिनींनी चहा दिला. तासभर बसलो. तारांबद्दल बोललो, त्याच्या गुडघ्याबद्दल बोललो, वरच्यांच्या मोरीतून होणाऱ्या गळतीबद्दल तर इतकं बोललो की वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच जाऊन भांडा की मग त्यांच्याशी!" निघताना दादा गुडघा सांभाळत जिन्यापर्यंत आला.

"काही बोलायचं होतं का तुला?"

"छे! सहज आलो होतो."

चेलो मला त्याच्यामुळे कळला. नोटेशन वाचायला त्याने शिकवलं, माझं पहिलं काम त्याने मिळवून दिलं. आणि मी मोरीबद्दल बोलून आलो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोनदा फोन हातात घेतला. ठेवला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

झालं एकदाचं. स्टुडिओत आल्यावर आधी कागद. दादाने घडी उलगडली, खिशातला चष्मा न काढता, त्यावर नुसता हात ठेवून मला विचारलं, "तू वाचलायस ना? ह्यात काही विशेष?"

"नाही रे. नेहमीचंच."

माझ्याच खिशातलं पेन घेतलं. मग सही केली. चारही पानांवर, नीट.

नंतर सहा तास सूर. आवाज नको म्हणून पंखा बंद, एसी बंद. एक सूर लावायचा, तो पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही, मग तोच जोरात. सवयीने दादाचा हात पुढच्या सुरावर घसरायचा. आयुष्यभर एकातून दुसऱ्यात जायची सवय, तो तरी काय करणार! रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणायचा, "काका, फक्त एकच." दुपारी दादाने एक सूर लावला, विरू दिला आणि विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही, काका. तोच परत."

दादा हसला. "बरं. तोच परत." शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी नेऊन दिलं. मला एवढंच जमलं.

जाताना चेलो खोक्यात ठेवून त्याने रेकॉर्डिस्टशी हात मिळवला. माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "जेवत जा वेळेवर."

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिला तुकडा कळांवर तयार केला. आमच्या यादीत त्याचं नाव 'आई दारात उभी'. चाळीस सेकंद. (यादीत 'आई रडते — लहान' आणि 'आई रडते — मोठी' पण आहेत. दादा विचारायचा, "मधली नाही का रे?") आवाज दादाचाच. हुबेहूब. माझ्या बोटाखालून दादा वाजत होता. बाईंना भलताच आवडला. "बघा, उगीच घाबरत होतात!"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दादाचा फोन नाही. पुढचं रेकॉर्डिंग कधी, हे एरवी तो आठवड्यातून चारदा विचारतो. पाठीच्या दुखण्याने घरी बसला तेव्हाही विचारायचा. मीही केला नाही. कुठल्या तोंडाने करू?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तो तुकडा असलेला भाग टीव्हीवर लागला. बसून पाहिला. आई दारात उभी राहिली, चेलो वाजला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. नंतर आलेले निरोप वाचले — आजचं संगीत काळजाला भिडलं, डोळ्यांत पाणी आलं वगैरे. ही सगळी शाबासकी त्याची आणि ती घेणारा मी. लाज वाटते. लिहून कमी होत नाहीये.

उद्या जाऊन सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दादा घरी नव्हता. दारातच वहिनींपुढे सगळं ओकलो. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, कागद आला त्याच दिवशी ह्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाले, त्याने स्वतः सांगितलं तर सही करणार नाही, दोघं मिळून भांडू. नाही सांगितलं, तर समजेन फार घाबरलाय. मग माझे सूर देऊन टाकीन त्याला."