पत्र्याची पट्टी

जव्हार, बुधवार

प्रिय देवा,

फोन तू उचलत नाहीस, घरी आलो तर आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीस, म्हणून लिहितोय. सातवीनंतर कुणाला पत्र लिहिलेलं नाही, अक्षराकडे बघू नकोस. काल तुझा धाकटा भाऊ भावेश आश्रमशाळेतून सुटला तो थेट माझ्या गॅरेजवर आला. म्हणाला, दादा सोमवारी कोर्टात सांगणार आहे की गाडी मीच जोरात हाणली, बायको माझ्यामुळे मेली, काय ती शिक्षा द्या. वकिलाचं ऐकत नाही, धड जेवत नाही. देवा, सोमवारी तू ते बोलायचं नाहीस. का ते सांगतो, पण अर्ध्यात फाडू नकोस गड्या, शेवटपर्यंत वाच.

ठाण्याला आपण दोघं टायरच्या दुकानात होतो ते आठव. नवं चाक चढवायच्या आधी उस्ताद चाक बसतं त्या हबला तारेचा ब्रश मारायला लावायचा. गंजाचा कण राहिला तरी पहले मुँह धो उसका म्हणून खेकसायचा. चाकाच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं निघालं तर फट भरणारी मापाची रिंग आल्याशिवाय चाकाला हात लावू द्यायचा नाही. नट आधी बोटांनी, मग समोरासमोरचे थोडे थोडे, शेवटी मापाच्या पान्यानं. आणि पन्नास किलोमीटर झाले की गिऱ्हाइकाला परत बोलावून पुन्हा आवळायचे. तू कंटाळून ड्रायव्हर झालास, मी हे शिकून इथे गॅरेज टाकलं. माझ्या जीपला नवसूशिवाय कुणाचा हात लागत नाही, असं तू गावभर सांगत फिरायचास. मला ते ऐकायला फार आवडायचं.

दाभोशाला, शिरपामाळला पाहुणे फिरवायचे तर गाडी उठून दिसली पाहिजे, म्हणून तू नाशिकहून ती चकचकीत अलॉयची चाकं आणलीस. तुझ्या जयवंतीला बोहाड्याची सोंगं बघायला मोखाड्याला माहेरी त्याच चाकांवर जायचं होतं. मी चाक लावून बघितलं तर मधलं भोक मोठं, नखभर फट. रिंग यायला चार दिवस, आणि तुम्हाला निघायचं होतं दुसऱ्या दिवशी. सांगायचं ना सरळ, की बाबा, सध्या जुनीच चाकं राहू दे! पण तुम्ही दोघं समोर बाकड्यावर चहा पीत बसला होतात, ती चाकांकडे बघून हसत होती, आणि माझ्या तोंडातून नाही निघेना. घरी जात्याचा खुंटा सैल झाला की माझी आई त्याला पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकायची आणि नाचणी दळायला बसायची. तेच डोक्यात आलं. ऑइलच्या डब्याचा पत्रा कापला आणि चारही हबांना गुंडाळला. केवढा गाढवपणा! जातं एका जागी बसून फिरतं, तुझी जीप घाट चढते, एवढंसुद्धा कळलं नाही मला.

पुढच्या डाव्या चाकात पट्टीचं टोक निसटून हबच्या तोंडावर, चाक टेकतं तिथेच, अडकलं. मला ते जाणवलं होतं, देवा. नट आवळताना पाना मऊ लागत होता, चाक घट्ट टेकलं असं वाटेचना. उघडून बघायला दहा मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी पान्याला पाइप जोडला आणि अंगाचा सगळा भार टाकला. आपल्याकडच्या पावसात गंजतात म्हणून आपण बोल्टांना ग्रीस फासतो, त्यामुळे नट सहज फिरत राहिले आणि बोल्ट आणखीच ताणले गेले. ते माझ्या अंगणातच कामातून गेले होते, घाटातल्या वळणावर फक्त तुटले आणि चाक निघालं. जयवंतीच्या बाजूचं चाक होतं ते. आणि तू बसलायस स्वतःच्या हातांना शिव्या देत.

अजून वाईट सांगायचंय. पोलिसांनी जीप माझ्याच गॅरेजवर आणून टाकली. मी वाकून बघितलं तर हबचं तोंड खरवडलेलं आणि त्यात ती पट्टी चेपून बसलेली. हवालदार फोनवर बोलत होता. मी पकडीनं ती उपटली आणि खिशात घातली. मग मेकॅनिक म्हणून त्यांनी माझाच जबाब घेतला. मी म्हटलं, फिटिंग बरोबर होतं, गाडी जोरात असणार. खाली सही केली. जयवंतीच्या दिवसकार्याला तुझ्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो, तोच हा हात. माझी बायको कविता विचारते, भरल्या ताटावरून का उठता. तिला अजून सांगितलेलं नाही, आज सांगतो.

सकाळी पोलीस स्टेशनात जाऊन पट्टी दिली आणि जबाब बदलला. साहेब खूप बोलले, गुन्हा माझ्यावर येईल म्हणाले. येऊ दे. हे सगळं पोलिसांकडून तुझ्या वकिलाला कळेलच, एवढ्यासाठी पत्राची गरज नव्हती. पण एक गोष्ट मी पोलिसांनाही सांगितलेली नाही, ती आधी तुला कळायला हवी. घाटाच्या तोंडाशी गाडी थरथरली म्हणून तू उतरून चाकांना लाथा मारून बघत होतास ना, तेव्हा जयवंतीनं आतून मला फोन केला. अकरा चाळीसला. भावजी, स्टेअरिंग लई हलतंय, यांना मागे फिरायला सांगू का, असं विचारलं तिनं. मला पट्टी आठवली, देवा, त्याच क्षणी आठवली. पण कबूल करायची लाज वाटली. मी म्हटलं, नवीन चाकं आहेत वहिनी, बसतील, बिनधास्त जा. भावेश सांगतो, तू सारखं एकच विचारतोस, ती शेजारी बसून मला थांबा का म्हणाली नाही. ती म्हणणार होती रे. मी तिला गप्प केलं.

म्हणवून घ्यायला तोंड उरलं नाही, तरी तुझाच,
नवसू