फाटकाखालून पाटोडी-रस्सा

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी ७.
दीपिकाच्या उजव्या हाताला काल प्लास्टर घातलं. सहा आठवडे. गाडी मी चालवत होतो, पण चूक स्पीडब्रेकरची. त्यावर पांढरे पट्टे नव्हते. दीपिका म्हणते, तुमाले घाई होती. बायकोशी वाद घालत नाही.
सासूबाईंचा गोंदियाहून फोन. म्हणाल्या, पोरीले घेऊन जातो सहा हप्ते. ठणकावून सांगितलं, गरज नाही. स्वयंपाक मला येत नाही, पण मॅनेजमेंट येतं. रोज कमलाबाईंच्या भोजनालयातून डबा आणणार. गाडी मेकॅनिककडे, म्हणून सायकलने. सासूबाई म्हणाल्या, बरं, आईतवारी येऊन पाह्यतो.
संकल्प : घर ते भोजनालय ते घर, पंधरा मिनिटं.

त्याच दिवशी, दुपारी २.
तेरा मिनिटं! येताना रेल्वे फाटक बंद होतं. बालाघाटात फाटकापाशी कोण थांबतं? सायकल आडवी केली, दांड्याखालून काढली, रूळ ओलांडले, पलीकडे पुन्हा आडवी. डबा हँडललाच. सगळं मिळून वीस सेकंद.
वरण थोडं सांडलं. डब्याचं झाकण सैल आहे.
दीपिकाने विचारलं, फाटक उघडेपर्यंत थांबत काहून नाही तुमी? म्हटलं, फाटकाचा काय संबंध?

मंगळवार, १२.
नवा डबा, क्लिपवाला. अकरा मिनिटं. फाटक बंद. गेटमन भैयालाल ओरडला, साहब, रोज का यही है क्या? हसून हात केला. सायकल आडवी धरून हात करणं सोपं नाही, हे त्याला कळायला हवं.
भाजीचा रस्सा भातात, भात पोळ्यांत. दीपिकाने डाव्या हाताने खाल्लं. म्हणाली, खिचडी तर मी सांगितलीच नव्हती.

बुधवार, १३.
दोष भोजनालयाचा आहे. वरण फार पातळ. कमलाबाईंना समजावलं, घट्ट देत जा. त्या म्हणाल्या, भाऊ, पंधरा वर्सं झाले डबे देऊन राह्यली मी, कोनाचं सांडत नाही, तुमचंच काहून सांडते? ग्राहकाशी बोलायची पद्धत नाही.
घट्ट वरणसुद्धा सांडलं. फक्त हळू सांडलं.

गुरुवार, १४.
आत पॉलिथिन, त्यावर रबरबँड, त्यावर टॉवेल. नऊ मिनिटं वीस सेकंद. रेकॉर्ड! टॉवेलने रस्सा चांगला शोषला.
दीपिकाचा प्रश्न : इतके मिनटं वाचवून तुमी करता काय? जेवण गरम होईपर्यंत मी ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारतो. तेही एक कामच आहे.

शुक्रवार, १५.
कढी होती. जास्त लिहीत नाही.
दीपिका खाली बसून डाव्या हातानं फरशी पुसायला लागली. फडकं हिसकावून घेतलं. तेव्हा म्हणाली, हात मोडला त्याचं काही नाही जी. पन तुमच्यानं एका जागी थांबवत नाही, त्याचं भेव वाटते मले.
मग अट घातली. रविवारी पाटोडी-रस्सा आणायचा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि वर पातळ रस्सा. एक वाजता वाटीत रस्सा दिसला तर ती इथेच राहील. नाहीतर एक वीसच्या गाडीने आईसोबत गोंदियाला.
सोपं आहे.

शनिवार, १६.
कढीच्या विचारात झोप नीट झाली नाही. सकाळी निर्णय घेतला : फाटकापाशी थांबायचं. ही आयडिया पूर्णपणे माझी आहे.

रविवार, १७. सकाळी ११.
सासूबाई आल्या. मला पाहून म्हणाल्या, जवाईबापू, तुमी तर तिच्याहून जास्त वाळले. दुर्लक्ष केलं. बाराला निघणार. पंधरा मिनिटांच्या कामाला एक तास! याला म्हणतात प्लॅनिंग. फोन चार्जिंगला लावून जातो, मध्ये कोणी डिस्टर्ब नको.

रविवार, दुपारी ३.
जाताना फाटक बंद. थांबलो. मालगाडी यायची होती. पोरंटोरं, म्हातारे, एक शेळीसुद्धा दांड्याखालून निघून गेली. भैयालाल म्हणाला, साहब, आज रुके क्यों हो? डब्बा तो खाली है, निकल जाओ. म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यानं पाणी आणून दिलं. मालगाडी मँगनीज घेऊन सावकाश गेली. मागून आणखी एक. बत्तीस मिनिटं. एकदाही सायकल तिरपी केली नाही.
भोजनालयात रविवारची गर्दी. एरवी मध्ये घुसतो. आज लाइनीत उभा राहिलो. कमलाबाईंनी विचारलं, तब्येत बरी हाये ना भाऊ?
परत फाटकाशी एक वाजून बारा. बंद. थांबलो. पाय हलत होते, डबा नाही.
एक पंचवीसला गोंदियाची गाडी गेली. खिडकीत आधी पांढरं प्लास्टर दिसलं, मग दीपिका. शेजारी सासूबाई. दीपिकानं मला पाहिलं, मग सरळ उभ्या सायकलीकडे, मग डब्याकडे. प्लास्टरचा हात थोडा वर झाला. तेवढ्यात डबा पुढे गेला. म्हणजे गाडीचा.
भैयालालनं फाटक उघडलं. म्हणाला, अब जाओ साहब, आराम से.
घरी फोनवर चार मिस्ड कॉल. आणि तिचा मेसेज : एक दहापर्यंत वाट पाह्यली.
डबा उघडला. एक थेंब सांडला नव्हता.
वेळ : एक तास तेहतीस मिनिटं. सकाळीच दोन वाट्या काढून ठेवल्या होत्या. एक परत फळीवर ठेवली.