देवीच्या गळ्यातला हार

मी, दत्ताजी बाबूराव हसबे, वय एकोणपन्नास, मूळचा विट्याजवळचा, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, कुलस्वामिनीला स्मरून हे लिहितो. पुढच्या आठवड्यात छातीची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे आणि कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही.

१. राहता फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी व बँकेतील ठेवी पत्नी विमला हिला. तिने त्यातले काही नातेवाइकांना 'चार दिवसांसाठी' देऊ नये.

२. राणीहार. हा मी चुलतभाऊ अशोक याच्या टी. नगरमधील दुकानातून घेतला. त्यानेच मला या शहरात आणले, भाषा येत नव्हती तेव्हा जेवू घातले, हेही लिहून ठेवतो. मी बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, "आरं दत्ता, परमुलखात आपल्या माणसाकडं कागद मागतोस व्हय? विमलकडं लग्नाचा दाखला मागितलास का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी मुलगी निधी हिच्या लग्नाआधी हाराचा विमा काढायला गेलो. कंपनीने आधी मूल्यांकन मागितले. तपासणाऱ्या धनलक्ष्मीबाईंनी हार दोनदा यंत्राखाली ठेवला, मग माझ्यासाठी कॉफी मागवली. कॉफी आली तेव्हाच मी समजलो. तांबे जास्त, सोने कमी, खडे काचेचे.

अशोककडे गेलो. तो म्हणाला, "इतकी वर्षं विमलनं घातला, कुणी बोट दाखवलं? मग खोटा कसा रं?"

पैशांचे मी सोडले असते. पण दर नवरात्रात विमला हा हार गळ्यातून काढून देवीला घालत असे आणि अशोक समोर उभा राहून सगळ्यांत मोठ्याने आरती म्हणत असे. देवीच्या गळ्यात काय आहे, हे त्या खोलीत त्याला एकट्याला ठाऊक होते. विमला आता मंगळसूत्राखेरीज काही घालत नाही. म्हणते, "देवीनं केली असेल माफी. तुम्ही पण सोडा." देवीचे मन मोठे आहे. माझे तेवढे नाही.

३. निधीच्या दागिन्यांसाठी वेगळी ठेव आहे, ती तिला. हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरी क्रमांक स्वतः पडताळल्याशिवाय तिने दागिना घेऊ नये. बिलावर सोन्याचे वजन वेगळे आणि खड्यांचे वेगळे लिहून घ्यावे, नाहीतर काच सोन्याच्या भावाने घरी येते. घराच्या विम्यात दागिने आपोआप येतात असे समजू नये. फोटो आणि मूल्यांकन जोडून ते स्वतंत्र नोंदवावेत आणि भाव वाढला की रक्कमही वाढवावी. दुकानदार भाऊ असेल तर हे सारे दोनदा करावे.

४. अशोक चालवतो त्या टी. नगरच्या दुकानाची जागा आम्हा दोघांच्या नावावर आहे. गावच्या जमिनीचा माझा वाटा विकून मी त्यात घातला. माझ्यामागे माझा अर्धा भाग स्वस्तात मिळेल, असे अशोक धरून चालला आहे. तो मी निधीला देतो. शटर दोन आहेत, मध्ये भिंत घालावी. पुढच्या बाजूस सोने तपासण्याचे यंत्र बसवावे आणि तमिळ व मराठीत पाटी लावावी: 'सोन्याचा कस मोफत तपासून मिळेल.' मागची खोली भाड्याने देऊन खर्च भागवावा. शेजारून खरेदी करून जो बाहेर पडेल, त्याला आधी प्यायला पाणी द्यावे, मग विचारावे. राणीहार धनलक्ष्मीबाईंच्या दाखल्यासह काचेच्या पेटीत ठेवावा. कोणाकडून घेतला ते लिहू नये. भिंत एकच आहे, लोक समजतील.

५. उद्या अशोक म्हणेल, 'दत्ताला भ्रम झाला होता.' म्हणून साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले आहे. आज तो आरतीला येईलच. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, असे वकील सौम्या यांनी सांगितले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्याच करतील. तरी अशोकने वाचायला मागितले, तर मी कागद त्याच्या हातात देईन.

स्थळ: वेस्ट मांबलम, चेन्नई
घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५

(सही) दत्ताजी बाबूराव हसबे

दत्ताजी हसबे यांनी पूर्ण शुद्धीत, आमच्या डोळ्यांदेखत वर सही केली. साक्षीदार:

१. (सही) अशोक रामचंद्र हसबे, टी. नगर

२. (सही) बालाजीराव, शेजारी. पहिल्या साक्षीदारांना मी 'एकदा वाचून घ्या' असे सुचवले होते. "आपल्याच माणसाचं काय वाचायचं?" असे म्हणून त्यांनी माझ्याच पेनने सही केली.