अकरा वाजता तुटणारं वाय-फाय

मंगळवार, ४ मार्च

परत तुटलं.

वकीलसाहेबांसमोर चष्म्याचं चित्र धरलं होतं. कपाळाला आठ्या घालून ते शब्द शोधत होते. मी नुसतं "च—" म्हटलं आणि वाट पाहिली. त्यांचे ओठ हलायला लागले — आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. तोंड अर्धवट उघडं, तसंच. चार मिनिटांनी परत जोडलं गेलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले होते. शब्द गेला तो गेलाच.

चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला त्यांना. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, सांगता काहीच येत नाही. एके काळी त्यांचा युक्तिवाद ऐकायला बाकीचे वकील आपापली कामं सोडून कोर्टात येऊन बसायचे म्हणे. आता "हो", "नाही" आणि "ते... ते...". दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता ते टॅबलेटसमोर बसतात आणि मी इकडून त्यांच्याकडून शब्द काढून घ्यायचा प्रयत्न करते.

सकाळी नऊला त्या अडखळत बोलणाऱ्या बँकेतल्या मुलीचंही दोनदा तुटलं होतं. काल आवाज बसलेल्या गायिकेचं. म्हणजे दोष माझ्याच घरात आहे. समोरच्याचं वाक्य कधी तोडायचं नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम. आणि माझंच वाय-फाय दिवसातून सहा वेळा तोडतंय!

दुपारी वकीलसाहेबांच्या बायकोचा फोन. "हे हाताने खुणा करून सांगतात, 'पुरे आता.' महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर थांबवू या."

मी म्हटलं, "वहिनी, दोष माझ्याकडचा आहे. पंधरा दिवसांत दुरुस्त करते."

करणारच. बोलणं दुरुस्त करते मी, हे तर एक डबडं आहे.

बुधवार, ५ मार्च

आधी निदान, मग औषध. लॅपटॉप हॉलमध्ये नेऊन राउटरला सरळ तारेने जोडला. दोन तास बहिणीशी व्हिडिओवर बोलत बसले. एकदाही तुटलं नाही. (बहिणीची जावेबद्दलची तक्रार मात्र साद्यंत ऐकावी लागली.) म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत आहे. घोळ आहे तो तिथून पुढे, हवेतून माझ्या खोलीपर्यंत.

आता राउटर कुठे आहे बघा — टीव्हीच्या कपाटात, टीव्हीच्या मागे, दार लावून. वर सासूबाईंनी विणलेला रुमाल. आणि माझी खोली कुठे? स्वयंपाकघराच्या पलीकडे, घराच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे फ्रिज, न्हाणीघराच्या फरश्यांची भिंत आणि लोखंडी कपाट. बिचारं वाय-फाय माझ्यापर्यंत येतं कसं, याचंच नवल.

रुमाल काढला. सासूबाई म्हणाल्या, "धूळ बसेल त्याच्यावर."

"बसू दे, आई. त्याला श्वास घेऊ दे."

हात लावला तर चांगलाच तापलेला. सात वर्षांचा झालाय.

शुक्रवार, ७ मार्च

राउटर कपाटाबाहेर काढून उंच फळीवर ठेवला. फरक पडला, पण पुरेसा नाही. बँकेतल्या मुलीचं एकदाच तुटलं. वकीलसाहेबांचं तीनदा. "किल्ली"च्या वेळी एकदा, बायकोचं नाव घेताना एकदा. तिसऱ्यांदा तर तास संपेपर्यंत आलेच नाहीत.

मी आपली गोठलेल्या चित्राची माफी मागत बसले.

शनिवार, ८ मार्च

फोनवर एक ॲप घेतलं. आजूबाजूला कुणाचं वाय-फाय कुठल्या चॅनलवर चालतंय, ते दाखवतं. उघडून बघते तर आमच्या एकाच चॅनलवर आम्ही धरून अकरा जण! वरच्या मजल्यावरचे, समोरचे, खालचा शिंपी, सगळे एकाच खोलीत एकदम बोलताहेत. ऐकू कुणाचं येणार? राउटरमध्ये शिरून चॅनल बदलला.

आणखी एक कळलं. राउटर दोन आवाजांत बोलतो म्हणा ना. एक लांबवर पोचतो, पण गर्दीत सापडतो. दुसरा जोरकस आणि स्वच्छ, पण भिंत आली की दमतो. माझा लॅपटॉप मनाला येईल तसा याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत होता. दोघांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉपला एकाच जागी बसवलं.

नवरा कामावरून आला. लिफ्ट दुरुस्त करतो तो, त्यामुळे कुणी स्वतः काही खोललं की खूश होतो. म्हणाला, "आता माझ्या पोटावर पाय देणार तू."

सोमवार, १० मार्च

सकाळभर सुरळीत. साडेबारानंतर राउटर आपोआप बंद होऊन परत सुरू झाला. दोनला पुन्हा. तापतोय आणि मान टाकतोय. याचं वय झालं, याला निवृत्त करायला हवं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मला कुठे केलंत अजून?"

बुधवार, १२ मार्च

दुकानात गेले. दुकानदाराने मी गेल्या गेल्या आठ शिंगांचा एक काळा राक्षस समोर ठेवला. "मॅडम, याच्या वर काही नाही. बिल्डिंगभर पोचेल."

"मला बिल्डिंगभर नको, माझ्या खोलीत हवंय."

मग मी माझे प्रश्न काढले. कंपनी याचं सॉफ्टवेअर किती वर्षं सुधारत राहते? वॉरंटीत बिघडला तर बदलून मिळतो, की कुठेतरी पाठवून महिनाभर थांबायचं? दोन नग तारेने एकमेकांना जोडता येतात का? दोन बँडना, म्हणजे त्या दोन आवाजांना, वेगवेगळी नावं देता येतात का? पहिल्या प्रश्नाला तो हसला. दुसऱ्याला खोक्याची मागची बाजू वाचायला लागला. तिसऱ्याला आतून भागीदाराला हाक मारली.

भागीदार मात्र जाणता निघाला. म्हणाला, "ताई, शिंगं मोजू नका. घर लांबट असेल तर एकच दांडगा घेण्यापेक्षा दोन साधे घ्या. एक हॉलमध्ये, एक खोलीच्या दाराशी. मधे तार टाका, हवेवर सोडू नका."

नेमकं हेच मला ऐकायचं होतं. जोडी घेऊन आले. दोन पांढऱ्या, वाटीएवढ्या डब्या. काळ्या राक्षसाकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवार, १६ मार्च

नवऱ्याने आणि मी मिळून तार टाकली. हॉलपासून भिंतीच्या कडेकडेने, स्वयंपाकघराच्या चौकटीवरून, माझ्या दारापर्यंत. तो खिळे ठोकत होता, मी तार धरून पुढे पुढे. पंधरा वर्षांच्या संसारात इतकं एकमताने काही केल्याचं आठवत नाही. फक्त चौकटीपाशी वाजलं, डावीकडून की उजवीकडून. उजवीकडून नेली. माझ्या म्हणण्याप्रमाणे.

संध्याकाळी सगळं लावून बघितलं. खोलीच्या कोपऱ्यात, दार लावून, मायक्रोवेव्ह चालू ठेवून, सासूबाईंची मालिका चालू ठेवून. अडकलं नाही, तुटलं नाही.

जिंकले.

सोमवार, १७ मार्च

पाच जणांचे तास. शून्य वेळा तुटलं. बँकेतली मुलगी एक अख्खा परिच्छेद वाचून गेली, मधे पाच वेळा अडखळली, पण अडखळली ती स्वतःच्या हिशेबाने. माझ्या यंत्रामुळे नाही.

मंगळवार, १८ मार्च

वकीलसाहेबांचं तुटलं.

ताटाचं चित्र होतं. "त— ता—" इथपर्यंत आले. गोठले.

मी लगेच माझ्याकडचं तपासलं. सगळे दिवे हिरवे, वेग भरपूर. साहेब परत आल्यावर मी सवयीने म्हटलं, "माफ करा हं, माझ्याकडून तुटलं असेल." त्यांनी मान खाली घातली. ना हो, ना नाही.

जेवताना सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "टाळी दोन हातांनी वाजते. तुझा हात ठीक झाला. आता त्यांचा बघ."

बरोबर आहे. त्यांचा राउटर!

गुरुवार, २० मार्च

वकीलसाहेबांच्या घरी जाऊन आले. त्यांना पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. पडद्यावर फक्त खांद्यापर्यंत दिसतात, उंच आहेत बरेच. स्वच्छ सदरा, भांग काढलेला. भिंतीला लागून कायद्याची पुस्तकं छतापर्यंत. डाव्या हाताने त्यांनी मला खुर्ची दाखवली.

मी फोन काढून खोलीभर फिरले. सिग्नल भरपूर, चॅनल मोकळा, भिंत एकच आणि तीही पातळ. तुटण्यासारखं काही दिसेना. पण राउटर पाहिला तर आमच्याच जुन्याचा थोरला भाऊ. म्हटलं, "वहिनी, हाच. वरवर ठीक दिसतो, ऐन वेळी दगा देतो. बदला."

त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात असते त्या वेळी. तुटलं की हेच परत जोडतात. तेवढं जमतं त्यांना."

साहेब माझ्याकडे एकटक बघत होते. काहीतरी सांगायचं होतं. "ते... ते..." म्हणाले आणि हात झटकला. मी म्हटलं, "काळजी करू नका साहेब, माझी जबाबदारी."

शनिवार, २२ मार्च

नवऱ्याने जाऊन त्यांच्याकडे नवीन राउटर लावून दिला. माझ्या यादीप्रमाणे, उंच फळीवर, मोकळ्या चॅनलवर. म्हणाला, "तुझे वकील मला दारापर्यंत सोडायला आले. काठी टेकत. खांद्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभे होते."

आता प्रश्नच नाही.

मंगळवार, २५ मार्च

तुटलं. दोनदा.

दोन्ही घरांत नवीन राउटर. दोन्हीकडे सिग्नल पूर्ण. ते परत दिसायला लागले तेव्हा मी मनापासून म्हटलं, "साहेब, सगळं करून बघितलं. चूक माझीच कुठेतरी आहे, सापडत नाही. तुमचे इतके तास वाया घालवले, त्याची लाज वाटते मला. शुक्रवारी मी लांब तार घेऊन स्वतः येते, टॅबलेटलाच जोडून टाकते."

त्यांनी जोरात मान हलवली. नाही, नाही. तास संपेपर्यंत एकही चित्र बघितलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं तर होत नाहीये ना?"

मी म्हटलं, "आई, तार लावली की कळेल."

शुक्रवार, २८ मार्च

तार पिशवीतच राहिली. मी निघायच्या आधीच, अकराला दहा कमी असताना, त्यांचा कॉल आला. त्यांनी स्वतः लावलेला.

मी "माफ करा—" म्हणायला लागले, तर त्यांनी डावा हात वर केला, कोर्टात करत असतील तसा. मग टॅबलेटच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढून दाखवलं. वाय-फाय चालू-बंद करायचं चिन्ह असतं तिथे. आणि बोलायला लागले.

"मी."

मी पहिलं अक्षर सुचवलं नाही.

"बंद."

कपाळावर घाम. डोळे माझ्यावरच.

"करायचो."

चष्मा, किल्ली, बायकोचं नाव, ताट — दर वेळी शब्द अडला होता तेव्हाच.

तीन शब्दांना तीन मिनिटं लागली. मधे एकदाही तुटलं नाही.